आठवीत आहे, कलेक्टर व्हायचंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळा-कॉलेजात बोलायला बोलावतात, तेव्हा शेवटी चिठ्ठ्यांचा डबा फिरतो. तोंडी विचारायला मुलं लाजतात, चिठ्ठीत मात्र मोकळी होतात. गेल्या काही वर्षांतल्या चिठ्ठ्या एका पिशवीत साठल्या होत्या. त्यातल्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र लिहितोय. मी महसूल खात्यात तहसीलदार आहे. यूपीएससीची (केंद्रीय लोकसेवा आयोगाची) मेन्स, म्हणजे मुख्य लेखी परीक्षा, दोनदा दिली, एकदा मुलाखतीपर्यंत जाऊन राहिलो, आणि मग राज्यसेवेतून, म्हणजे एमपीएससीच्या (महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या) परीक्षेतून, पोस्ट निघाली. म्हणजे खाली जे लिहिलंय त्यातलं निम्मं अनुभवाचं आणि निम्मं चुकांचं आहे.

आठवी-नववीपासून तयारी सुरू करावी का?

तयारी हो, परीक्षेचा अभ्यास नाही. माझं म्हणणं एवढंच आहे. पुढचे सगळे प्रश्न त्याचेच फाटे आहेत. आठवीतल्या मुलाने राज्यघटनेची कलमं पाठ केली तर ती पदवीपर्यंत टिकत नाहीत, आणि टिकली तरी प्रश्न कलमाच्या आकड्यावर फारसे येत नाहीत. पण आठवीत लागलेली वाचनाची सवय, हाताला बसलेलं लिखाण आणि आपल्या गावाचा कारभार कसा चालतो याचं कुतूहल, या तीन गोष्टी एकविसाव्या वर्षी विकत मिळत नाहीत. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत माझ्या शेजारी बसणारे बरेच जण पुस्तकांमुळे अडले नाहीत, या तीन गोष्टींमुळे अडले. मीही त्यातलाच होतो.

मग परीक्षेचा खरा अभ्यास कधी सुरू करायचा?

हिशेब करून बघा. यूपीएससीला बसायला त्या वर्षीच्या १ ऑगस्टला २१ वर्षं पूर्ण लागतात. समजा, मुलीचा जन्म जून २०१० चा आहे. ती २०३१ च्या परीक्षेला बसू शकते. तीच सप्टेंबर २०१० मध्ये जन्मली असती तर २०३२ उजाडलं असतं, पदवी आधी हातात असली तरी. पदवीच्या शेवटच्या वर्षात असताना पूर्वपरीक्षा देता येते. पदवीचा पुरावा पुढच्या टप्प्यावर मागतात. म्हणून पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून अभ्यासक्रम हातात घेतला की पुरे. त्याआधी अभ्यासक्रमाचा कागद एकदा वाचून ठेवा, भिंतीवर लावा, पण त्याच्या दडपणाखाली राहू नका.

वरची मर्यादा खुल्या गटाला ३२ वर्षं आणि सहा प्रयत्न. ओबीसींना ३५ वर्षं आणि नऊ प्रयत्न. अनुसूचित जाती-जमातींना ३७ वर्षं, आणि तोवर प्रयत्नांची मर्यादा नाही. राज्यसेवेला किमान वय १९, कमाल खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३. नियम बदलत राहतात, तेव्हा फॉर्म भरताना त्या वर्षीची जाहिरातच प्रमाण माना, माझं लिखाण नाही.

जाता जाता: १८७८ मध्ये इंग्रज सरकारने आयसीएसची (आजच्या आयएएसच्या आधीच्या नागरी सेवेची) कमाल वयोमर्यादा २१ वरून १९ वर आणली होती. परीक्षा लंडनमध्ये. म्हणजे हिंदुस्थानी मुलाला अक्षरशः शाळेतूनच तयारी करून बोटीत बसावं लागलं असतं. त्या नियमाविरुद्ध देशभर सभा झाल्या. तेव्हाच्या पोरांना वय कमी म्हणून धावावं लागत होतं. आता वय भरपूर आहे तरी आपण आठवीतल्या पोराला धावायला लावतो.

कलेक्टर व्हायला यूपीएससी द्यायची की एमपीएससी?

कलेक्टर हा आयएएस (भारतीय प्रशासकीय सेवा) अधिकारी असतो, आणि थेट आयएएस व्हायचं तर यूपीएससी. तिथूनच आयपीएस, परराष्ट्र सेवा, महसूल सेवा वगैरे. एमपीएससीच्या राज्यसेवेतून उपजिल्हाधिकारी, डीवायएसपी (पोलीस उपअधीक्षक), तहसीलदार, गटविकास अधिकारी, नायब तहसीलदार अशी पदं मिळतात. उपजिल्हाधिकारी म्हणून लागलेले पुढे बढतीने आयएएस होतात, पण त्याला बरीच वर्षं जातात. गोव्यातल्यांसाठी त्यांचा वेगळा लोकसेवा आयोग आहे, आणि तिथे कोकणी येणं आवश्यक धरतात.

चिठ्ठ्यांमध्ये 'कलेक्टर' हा शब्द शंभरात नव्वद वेळा येतो. बाकीच्या पदांची नावंच मुलांना माहीत नसतात. रेल्वे, टपाल, हिशेब आणि लेखापरीक्षण, आयकर, सीमाशुल्क... अधिकारी सगळीकडे लागतात.

परीक्षा असते तरी कशी?

यूपीएससीची पूर्वपरीक्षा दोन पेपरांची. पहिला सामान्य अध्ययन, १०० प्रश्न, २०० गुण, कटऑफ (पुढे जायला लागणारे किमान गुण) याच्यावर. दुसरा सीसॅट (उतारे, तर्क आणि गणित), ८० प्रश्न, २०० गुण. त्यात फक्त ३३ टक्के पाडायचे. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात. मग मेन्स, नऊ पेपर. त्यातले इंग्रजी आणि भारतीय भाषा हे प्रत्येकी ३०० गुणांचे पेपर फक्त २५ टक्क्यांनी पास व्हायचे. मोजले जातात ते निबंध, सामान्य अध्ययनाचे चार आणि ऑप्शनलचे (आपण निवडलेल्या एका विषयाचे) दोन, मिळून १७५० गुण. मुलाखत २७५. एकूण २०२५.

राज्यसेवेचीही मेन्स २०२५ पासून अशीच वर्णनात्मक झाली आहे, गुणही तितकेच. आयोगाला ती २०२३ पासूनच आणायची होती, पण पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर बसले आणि दोन वर्षं लांबली. त्यामुळे जुने लोक 'एमपीएससी म्हणजे गोळे काळे करणं' (नुसते पर्याय निवडणं) असं सांगत असतील तर ते त्यांच्या काळाबद्दल बोलताहेत. आता दोन्हीकडे लिहावं लागतं. लवकर तयारीचा अर्थ या एका गोष्टीने बदलला, असं मला वाटतं.

दहावीनंतर आर्ट्स घ्यावं की सायन्स?

आर्ट्स घेतलं तर यूपीएससी सोपी जाते आणि सायन्सवाल्यांचं डोकं चालतं, ही दोन्ही वाक्यं कट्ट्यावरची आहेत. नागरी सेवेला कोणत्याही शाखेची मान्यताप्राप्त पदवी चालते. टक्क्यांची अट नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पदवीही चालते.

पण काही दारं दहावीनंतरच बंद होतात, ती माहीत असावीत. भारतीय वनसेवेची पूर्वपरीक्षा नागरी सेवेबरोबरच होते, पण तिला वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, भौतिक, रसायन, गणित, संख्याशास्त्र, भूगर्भशास्त्र, पशुवैद्यक यांपैकी विषय असलेली पदवी किंवा कृषी, वनशास्त्र, अभियांत्रिकीची पदवी लागते. आरटीओमधल्या मोटार वाहन निरीक्षकाला मेकॅनिकल किंवा ऑटोमोबाइल लागतं. जंगलाचं वेड असलेल्या मुलीने 'यूपीएससी करायचीय ना, मग बीए कर' हा सल्ला ऐकला तर तिच्या आवडीचीच सेवा हातची जाते. अशी एक चिठ्ठी मला आली होती, ती मुलगी तेव्हा बीएच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिला काय लिहून द्यावं ते सुचलं नाही.

याउलट, विज्ञानात अजिबात मन नसलेल्या पोराला 'सेफ असावं' म्हणून बारावीच्या पीसीएमबीत रगडू नका. जो विषय आवडतो त्यात पदवी घ्या. मेन्सला ऑप्शनलही बहुतेक तोच होतो.

आणि वर्दीच हवी असेल तर एनडीएचा (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा) विचार दहावीतच करा, तिची परीक्षाही यूपीएससीच घेते. त्यासाठी छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून आहे, प्रवेश दहावीनंतर. मुलींसाठी नाशिकला आहे.

मराठी माध्यमातून होतं का?

होतं. मेन्सची उत्तरं मराठीत लिहिता येतात, मुलाखत मराठीत देता येते, मराठी साहित्य हा ऑप्शनल घेता येतो, आणि त्यासाठी पदवीला मराठी असण्याचीही गरज नाही.

अडचण कुठे येते ते मात्र कोणी नीट सांगत नाही. यूपीएससीची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, मराठीत नाही. पूर्वपरीक्षेतही आणि मेन्समध्येही. म्हणजे प्रश्न इंग्रजीत वाचायचा, डोक्यात मराठी करायचा आणि मराठीत लिहायचा. सीसॅटमधले उतारे तर जडच असतात. म्हणून मराठी शाळेतल्या मुलाने इंग्रजी बोलण्याच्या क्लासला पैसे घालण्याऐवजी रोज इंग्रजी पेपरातली एक बातमी वाचावी आणि तिचा मराठीत गोषवारा लिहावा. पाच ओळी. आठवीत सुरू केलं तर बारावीपर्यंत भीती उरत नाही. मी हे पदवीनंतर सुरू केलं, आणि पहिल्या प्रयत्नात सीसॅटनेच पाडलं.

एनसीईआरटीची पुस्तकं मराठीत नाहीत, पण बालभारतीची इतिहास-भूगोलाची पुस्तकं कमअस्सल समजू नका. अकरावी-बारावीचा भूगोल तर चांगलाच आहे. सगळी पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट उतरवून घेता येतात.

शाळेच्या वयात नेमकं काय करायचं? काहीतरी ठोस सांगा.

घरचा सातबारा काढा.

मी थट्टा करत नाही. महाभूमीच्या संकेतस्थळावर गट नंबर टाकला की दिसतो, बघायला पैसे पडत नाहीत. तो आजोबांच्या शेजारी बसून वाचा. वरचा भाग गाव नमुना सात: जमीन कोणाची, किती, भोगवटादार वर्ग १ (विकायला मोकळी) की वर्ग २ (विकायला सरकारची परवानगी लागणारी). खालचा गाव नमुना बारा: कोणत्या हंगामात काय पेरलं. ती पिकांची नोंद आता शेतकरी स्वतः मोबाइलवरून करतो, ई-पीक पाहणी म्हणतात तिला, २०२१ पासून सुरू आहे. उजव्या हाताला 'इतर हक्क' असतात: सोसायटीचा बोजा, विहिरीचा हिस्सा. नावांच्या पुढे कंसात जे आकडे असतात ते फेरफार क्रमांक, म्हणजे हक्कात झालेल्या बदलाच्या नोंदीचे क्रमांक. त्यातला सगळ्यात जुना शोधा आणि तो फेरफार काढा.

एका शाळेत मी हे करायला सांगितलं होतं. दोन महिन्यांनी नववीतला एक पोरगा मोबाइलमधला फोटो घेऊन तहसीलला आला. त्याच्या पणजोबांच्या नावाच्या फेरफारात 'कुळकायदा कलम ३२ग' असं लिहिलेलं होतं, आणि घरात कोणालाच त्याचा अर्थ सांगता येत नव्हता. अर्थ असा, की पणजोबा कूळ होते, म्हणजे दुसऱ्याच्या मालकीची जमीन कसायचे. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवसापासून कसणारा कूळ कायद्याने जमिनीचा खरेदीदार मानला गेला आणि ३२ग खाली त्या जमिनीची किंमत ठरवली गेली. यूपीएससीच्या सामान्य अध्ययनाच्या तिसऱ्या पेपरात 'भूमी सुधारणा' असा मुद्दा आहे. अभ्यासिकेतली मुलं तो नोट्समधून पाठ करतात. या पोराला तो घरच्या कपाटात सापडला. आता त्याला ते कोणी विसरायला लावू शकेल का?

जमीन नसेल तर शहरात मिळकत पत्रिका असते, घरपट्टीची पावती असते. घरपट्टीच्या पावतीवर किती प्रकारचे कर आहेत ते मोजा आणि प्रत्येक कशासाठी घेतात ते विचारा. भाड्याच्या घरात राहत असाल तर रेशनकार्डाचा रंग आणि त्यावर मिळणारं धान्य, तिथून सुरुवात करा.

मग ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांना गावोगाव होतात. झेंडावंदनाचा लाडू खाऊन घरी पळू नका, मागे बसा. मतदानाचा हक्क नसेल, ऐकायला कोण अडवतंय? पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे कशावर खर्च झाले यावर जी भांडणं होतात, त्यातून पंचायत राज जितकं कळतं तितकं ७३ वी घटनादुरुस्ती दहा वेळा वाचून कळत नाही. नंतर ती वाचली की मात्र झटक्यात डोक्यात बसते.

वर्तमानपत्र कसं वाचावं? रोज सगळं वाचून लक्षात राहत नाही.

राहायला नकोच. शाळेत असाल तर एक मराठी पेपर, त्यातला अग्रलेख आणि आपल्या जिल्ह्याचं पान. कात्रणं चिकटवायची वही करू नका. चिकटवण्यातच वेळ जातो आणि ती वही पुन्हा कोणी उघडत नाही. एखादा शब्द अडला, समजा 'रेपो दर' किंवा 'अध्यादेश', तर तो वहीत टिपा आणि आपल्या शब्दांत दोन ओळी लिहा. रोज एकच. वर्षाला तीनशे होतात.

कॉलेजात गेल्यावर 'योजना' मासिक मराठीत मिळतं. दर मार्चमध्ये अर्थसंकल्पाआधी राज्य सरकार 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' काढतं, तीही मराठीत आणि फुकट. त्यात आपल्या जिल्ह्याचे आकडे शोधा.

लिहिण्याचा सराव कधीपासून?

आत्तापासून. मेन्सच्या सामान्य अध्ययनाच्या एका पेपरात २० प्रश्न असतात: दहा प्रश्न १० गुणांचे, दीडशे शब्दांत, दहा प्रश्न १५ गुणांचे, अडीचशे शब्दांत. बेरीज करा, तीन तासांत चार हजार शब्द. दहा गुणांच्या उत्तराला हातात जेमतेम सात मिनिटं. त्याच दिवशी दुपारी दुसरा पेपर, तेवढाच.

आज सात मिनिटांचा गजर लावा आणि 'आमच्या गावातला पाणीप्रश्न' यावर दीडशे शब्द लिहा. पहिल्यांदा लिहाल तेव्हा पाच मिनिटं 'पाणी म्हणजे जीवन' असल्या वाक्यात जातील. शाळेतल्या निबंधाने लावलेली ही खोड आहे. ती वाक्यं खोडा. विहीर किती फूट खोल आहे, टँकर कोणत्या महिन्यात लागतो, नळयोजना का बंद पडली, हे लिहा. आठवड्याला असे दोन कागद लिहिले तरी दहावी ते पदवी या काळात पाचशेच्या वर कागद होतात, आणि हात न थांबता चालायला लागतो.

अक्षर सुंदर नसलं तरी चालतं. वाचता आलं पाहिजे.

गणित कच्चं आहे. सीसॅटचं काय?

८० प्रश्न, प्रत्येकी अडीच गुण. पास व्हायला ६६ लागतात. एकही न चुकवता २७ प्रश्न बरोबर आले की ६७.५ झाले. गणित दहावीच्या पातळीचं: शेकडेवारी, गुणोत्तर, काळ-काम-वेग, संभाव्यता. शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्तेच्या पेपरात दिशा, नाती, सांकेतिक भाषा असायच्या ना, त्याच कुटुंबातले प्रश्न. म्हणून दहावीनंतर गणिताशी काडीमोड घेऊ नका, आर्ट्सला गेलात तरी. आठवड्यातून एकदा तासभर पुरे. २०१५ पासून हा पेपर फक्त पात्रतेचा झाला आणि मुलांनी तो सोडूनच दिला. आता दरवर्षी पहिल्या पेपरात चांगले गुण असलेले किती तरी इथेच घसरतात.

नववी-दहावीसाठी 'आयएएस फाउंडेशन' क्लास लावावा का?

माझं मत विचाराल तर नाही. माझ्या भाच्याला बहिणीने नववीत अशा एका क्लासला घातलं होतं. नाव सांगत नाही. त्या वर्षीच्या कांद्याच्या पैशातला मोठा हिस्सा फीमध्ये गेला. गणवेशाचा टी-शर्ट मिळाला, त्यावर पाठीमागे 'भावी आयएएस' लिहिलेलं. सहा महिन्यांनी सुट्टीत आला तेव्हा राज्यपालांची नावं धडाधड म्हणून दाखवायचा. मी विचारलं, 'आपल्या गावच्या ग्रामसेवकाचं काम काय?' तर म्हणाला, 'मामा, ते सिलॅबसमध्ये नाही.' पुढच्या वर्षी क्लासने शाखा बंद केली, फीचा उरलेला हप्ता परत मागायला बहीण चार वेळा गेली, आणि पाचव्यांदा गेली नाही.

त्या पैशात घरी एक पेपर सुरू करा, भिंतीवर महाराष्ट्राचा, भारताचा आणि जगाचा असे तीन नकाशे लावा, तालुक्याच्या वाचनालयाची वर्गणी भरा. उरलेले पोस्टात टाका, पदवीनंतर टेस्ट सिरीजला उपयोगी पडतील.

पुण्याला किंवा दिल्लीला जावंच लागतं का? आमची परिस्थिती नाही.

बारावीनंतर लगेच पेठेत कॉट घेऊन राहू नका. पदवी कॉलेजात बसूनच करा. अभ्यासिकेचं भाडं, मेस, खोली, हे सगळं मिळून महिन्याला जी रक्कम होते ती वडिलांना तीन-चार वर्षं झेपणार आहे का, हे आधी घरात मोकळेपणाने बोलून घ्या. बऱ्याच मुलांचं निम्मं लक्ष पुस्तकात आणि निम्मं घरच्या कर्जात असतं.

सरकारी सोयी बऱ्याच आहेत. मुंबईची राज्य प्रशासकीय व्यवसाय शिक्षण संस्था १९७६ पासून चालू आहे. नागपूर, कोल्हापूर, नाशिक, अमरावती, छत्रपती संभाजीनगर इथे तशीच पूर्व प्रशिक्षण केंद्रं आहेत, प्रवेशपरीक्षा देऊन जागा मिळते. बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा-कुणबी), महाज्योती (ओबीसी, भटके-विमुक्त), टीआरटीआय (अनुसूचित जमाती) या संस्था आपापल्या प्रवर्गातल्या मुलांसाठी प्रशिक्षण आणि विद्यावेतन देतात. ठाण्यात महापालिकेची चिंतामणराव देशमुख संस्था आहे. ज्यांच्या नावाने ती आहे ते चिंतामणराव कोकणातले, १९१२ च्या मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवलेले, आयसीएसला पहिले आलेले आणि पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. संस्कृतची शिष्यवृत्ती मिळवलेला मुलगा देशाचं चलन सांभाळू शकतो. वर शाखेच्या प्रश्नात हे लिहायला हवं होतं.

कागदपत्रांची तयारी आत्ताच करावी लागते का?

ही खरी लवकर तयारी आणि हिच्याकडे कोणी बघत नाही. आयोग जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्रावरची धरतो. तेव्हा दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरताना नाव, वडिलांचं नाव, आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग, जन्मतारीख हे आधारकार्डाशी जुळवून घ्या. एक अक्षर चुकलं तर पुढे प्रतिज्ञापत्रं आणि राजपत्र अशी वारी करावी लागते. ती वारी करणारी माणसं माझ्या कार्यालयात रोज येतात.

जातीचा दाखला वेळेत काढा, पडताळणीही करून घ्या. एक गफलत हमखास होते: राज्याचे आणि केंद्राचे प्रवर्ग सारखे नाहीत. विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग हे वेगळे गट राज्यात आहेत. यूपीएससीच्या फॉर्मवर ते नाहीत, तिथे केंद्राच्या ओबीसी यादीत आपली जात आहे का ते बघावं लागतं, आणि नॉन-क्रीमीलेअरचा दाखलाही केंद्राच्या नमुन्यात हवा. मराठा समाजासाठीचं २०२४ चं एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आरक्षणही राज्यापुरतं आहे.

चष्मा आहे, उंची कमी आहे. चालेल?

आयएएसला उंचीची अट नाही, चष्माही चालतो. आयपीएसला पुरुषांना १६५ आणि महिलांना १५० सेंटिमीटर, काही जमातींना सवलत. राज्याच्या डीवायएसपीला महिलांची उंची १५७ लागते. पोलीस सेवेत रंगदृष्टी तपासतात, तेव्हा वर्दीचं स्वप्न असेल तर बारावीत एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन या.

घरचे म्हणतात, मुलीला दोन वर्षं देतो, मग लग्न.

ही चिठ्ठी प्रत्येक गावात येते, आणि बहुतेक वेळा नाव न घालता. दोन वर्षं म्हणजे यूपीएससीचा फार तर दीड प्रयत्न. पूर्व ते निकाल यातच वर्ष जातं. म्हणून मुलींना मी उलटा हिशेब सांगतो. लवकर तयारीचा सगळ्यात जास्त फायदा तुम्हालाच आहे. वाचन, लिखाण, इंग्रजी हे पदवीच्या आतच करून घ्या, म्हणजे ती दोन वर्षं पाया खणण्यात जाणार नाहीत. दुसरं, पदवीच्या वर्षीच तलाठी, बँक, जिल्हा परिषद अशा परीक्षा देऊन एक नोकरी हातात घ्या. पगार सुरू झाला की घरातलं बोलणं बदलतं, हे मी माझ्याच कार्यालयात तीन ठिकाणी पाहिलंय. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. त्यातल्या एकीची गेल्या वर्षी राज्यसेवेतून पोस्ट निघाली.

आणि नाही झालं तर?

२०२४ च्या नागरी सेवा परीक्षेला ९,९२,५९९ जणांनी अर्ज केले. प्रत्यक्ष बसले ५,८३,२१३. मेन्सला पोचले १४,६२७, मुलाखतीला २,८४५, आणि निवड झाली १,००९ जणांची. जालना जिल्ह्यातला अन्सार शेख एकविसाव्या वर्षी पहिल्याच प्रयत्नात झाला, ते खरं आहे आणि कौतुकाचं आहे. पण व्याख्यानात फक्त तेवढंच ऐकून घरी गेलात तर वरची रांग दिसत नाही.

म्हणून पदवी अशी घ्या की तिच्यावर पोट भरेल. किती प्रयत्न देणार ते आधी ठरवा आणि कागदावर लिहून आईच्या हातात द्या. मी चार ठरवले होते, आणि चौथ्यानंतर पाचवाही द्यावा असं वाटायला लागलं होतं. कागद आईकडे होता म्हणून वाचलो.

पगार किती असतो?

आयएएसचा सुरुवातीचा मूळ पगार सातव्या वेतन आयोगानुसार ५६,१०० रुपये, वर भत्ते. फक्त पैसा हवा असेल तर दुसरे रस्ते जवळचे आहेत.

वशिला लागतो का?

नाही. लेखी परीक्षेत परीक्षकाला तुमचं नावही दिसत नाही. जो 'सेटिंग'चं बोलतो त्याच्यापासून लांब राहा.

मुलाखतीसाठी छंद कोणते ठेवावेत?

'ठेवावेत' नाही. जे आहेत ते लिहायचे. मी फॉर्मवर 'वाचन' लिहिलं होतं, आणि मला प्रश्न आले ते आमच्या तालुक्यातल्या धरणावर. ते किती साली बांधलं, पाणी कोणत्या गावांना जातं, विस्थापित कुठे गेले. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. धरण घरापासून अकरा किलोमीटरवर, आणि मी दर पावसाळ्यात तिथे भजी खायला जायचो.

साहेब, तुम्ही दिवसभर काय करता?

ही चिठ्ठी एकदाच आली, म्हणून 'वारंवार' मध्ये बसत नाही, पण मला आवडली. परवाचा सोमवार सांगतो. सकाळी टंचाईची बैठक, टँकरच्या तीन प्रस्तावांवर भूजलवाल्यांचं मत जुळेना. मग वारसनोंदीची तक्रार: मोठ्या भावाने बहिणींची नावं लावली नव्हती. दुपारी शेतरस्त्याची सुनावणी. वहिवाटीचा रस्ता अडवला की अर्ज येतो मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली. कायदा सव्वाशे वर्षांच्या आसपासचा आणि भांडण त्याहून जुनं. नुसतं नकाशावर बघून निकाल देता येत नाही म्हणून चार वाजता बांधावर गेलो. दोन्ही बाजूंचे वीसेक लोक, मधे एक बाभूळ. वादी म्हणतो, बैलगाडी इथूनच जायची. प्रतिवादी म्हणतो, कधीच नाही. मी बाभळीच्या खोडाकडे बघत होतो. त्यावर जमिनीपासून दोन फुटांवर गाडीच्या आसाने घासून पडलेली खाच होती. पंचनाम्यात लिहून घेतली. निकाल अजून द्यायचाय.

ती चिठ्ठी लिहिणाऱ्याला मी मंचावरूनच सांगितलं, की एखाद्या सोमवारी ये, सुनावणीला मागच्या बाकावर बसायला कोणाची परवानगी लागत नाही. दोन मुली आल्या. वादीच्या वकिलाने साक्षीदाराला विचारलेला एक प्रश्न त्यातल्या धाकटीने वहीत लिहून घेतला होता, आणि जाताना मला विचारलं, 'सर, पण त्याने हे शेजाऱ्याला का नाही विचारलं?'